खेळण्यातली गाडी दोघांनी मिळून नव्याने घडवायची असेल तर

छोटी डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेली) गाडी उघडायची, कंपनीचा रंग उतरवायचा आणि आपल्या मनातल्या रूपात ती पुन्हा उभी करायची, हे काम एकट्याने केलं तर लवकर होतं. दोघांनी केलं तर वेळ जास्त लागतो, वाद होतात, आणि तरीही मी म्हणेन की दोघांनीच करा. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते, माझा भाचा कोपरखैरण्याला. तो आठवीत आहे. आमच्या गाड्या ट्रान्स-हार्बर लोकलने इकडून तिकडे प्रवास करत पूर्ण होतात.

या छंदाचे व्हिडिओ पुष्कळ सापडतात, पण बरेचसे मोठं गॅरेज असलेल्या आणि हवा कोरडी असलेल्या ठिकाणचे. आपल्याकडे गॅरेजच्या जागी गॅलरी असते, शेजारच्यांच्या चादरी वाळत असतात आणि चार महिने पाऊस असतो. त्या हिशोबाने पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

पायरी १: शेवटचा शब्द कोणाचा, ते आधी ठरवा

ड्रिलला हात लावण्याआधी वही घ्या आणि गाडीचे भाग लिहून काढा: बॉडीचा रंग, आतल्या सीट्स, चाकं, स्टिकर आणि नंबर प्लेट, बेस म्हणजे खालचा तळ. प्रत्येक भागापुढे एकच नाव लिहा. चर्चा दोघांनी करायची, पण त्या भागाचा निर्णय त्या एकाचाच. ‘सगळं दोघांनी मिळून ठरवू’ असं म्हणणाऱ्यांच्या गाड्या प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) लावलेल्या अवस्थेत वर्षभर डब्यात पडून असतात. लाल की निळा यावर अडलेलं काम पुढे सरकत नाही.

दुसरा नियम: रंग वाळत असताना दुसऱ्याने हात लावायचा नाही. ‘वाळला का बघतो’ म्हणून टेकवलेल्या बोटाचा ठसा क्लिअर कोटखाली (वरच्या पारदर्शक थराखाली) कायमचा राहतो.

कामाची वाटणी घरांप्रमाणे करणंही सोयीचं पडतं. स्प्रेचे डबे आणि थिनर ज्वलनशील, पेंट रिमूव्हरही धोक्याचा. लोकलमधून ज्वलनशील सामान नेणं रेल्वेच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गर्दीच्या डब्यात थिनरची बाटली घेऊन चढणं हा कायदा नसता तरी वेडेपणाच. म्हणून ही रसायनं एकाच घरी राहतील असं ठरवा. आमच्याकडे ती ठाण्यात आहेत. कोपरखैरण्याला पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग, ब्रश, स्टिकर आणि चाकं. गाडी फिरते, रसायनं फिरत नाहीत.

पायरी २: गाडी निवडा, आणि एकसारख्या दोन घ्या

नवख्यांसाठी १:६४ हे माप सगळ्यात बरं. म्हणजे खरी गाडी चौसष्ट पटींनी लहान केलेली, जेमतेम बोटाएवढी. हॉट व्हील्स, मॅचबॉक्स, मॅजोरेट यांच्या साध्या गाड्या साधारण याच मापाच्या असतात. ‘साधारण’ म्हणायचं कारण, पुठ्ठ्याच्या पाकिटात मावावं म्हणून काही मोठ्या गाड्या थोड्या आखूड केलेल्या असतात. १:४३ आणि १:२४ मध्ये बारकावे छान येतात, पण खर्च वाढतो आणि चूक महाग पडते. पहिल्याच फटक्यात तिकडे जाऊ नका.

बॉडी धातूची आणि बेस प्लास्टिकचा असलेली गाडी घ्या. छपाई जितकी कमी तितकी उतरवायला सोपी. दारं उघडणारी मॉडेलं दिसायला भारी, पण आत बारीक स्प्रिंगा असतात आणि त्या फरशीवर पडल्या की गेल्या.

दोन का? एक चुकांसाठी. रंग आधी तिच्यावर मारून बघायचा, ड्रिलचा हात तिच्यावर बसवायचा. शिवाय दोघांपैकी लहानाला एक गाडी पूर्ण स्वतःची मिळते, त्यामुळे मुख्य गाडीवरची हातघाई कमी होते.

आम्ही एका चौकोनी, जुन्या वळणाच्या चार दारांच्या गाडीची काळी-पिवळी टॅक्सी केली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे गेली, वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. भाच्याला तिच्यात बसल्याचं आठवत नाही. मला तिच्या दाराचा आवाजसुद्धा आठवतो. खरी पद्मिनी साधारण ३.९ मीटर लांब, म्हणजे १:६४ मध्ये सुमारे ६१ मिलिमीटर. असा हिशोब आपल्या गाडीचा करून दुकानात मोजपट्टी घेऊन जा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

पायरी ३: सामान जमवा

उघडण्यासाठी: छोटं हँड ड्रिल किंवा बॅटरीचं ड्रिल, १.६ आणि ४ मिलिमीटरचे बिट, सेंटर पंच, एम २ चा टॅप (दोन मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोकात आटे पाडणारं हत्यार), एम २ चे सहा मिलिमीटर लांबीचे स्क्रू, छोटा बेंच वाइस (वस्तू धरून ठेवणारा शिकंजा), जाड कापड, डोळ्यांवर चष्मा.

रंग काढण्यासाठी आणि घासण्यासाठी: पेंट रिमूव्हर, झाकणाची काचेची बरणी, लांब चिमटा, जुना टूथब्रश, भांड्यांचा साबण, सुईसारख्या बारीक कानशींचा संच, ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर.

रंगासाठी: करडा किंवा पांढरा प्रायमर, हवे ते स्प्रे, क्लिअर, चांगला मास्किंग टेप, नवं ब्लेड, ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला मास्क. एन-९५ धूळ आणि रंगाचे थेंब अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. डोकं जड व्हायला लागलं तर मास्क चुकीचा आहे किंवा हवा पुरेशी खेळत नाही.

बाकी: ट्रिपल झिरो ब्रश, अ‍ॅक्रिलिक रंग, डीकल पेपर (पाण्यात भिजवून सरकवायच्या स्टिकरचा कागद), फेविकॉल, फेविक्विक, इअरबड, झिपच्या पिशव्या.

ड्रिल, कानशी, वॉटर पेपर वागळे इस्टेटच्या बाजूच्या हार्डवेअर दुकानांत मिळतात. टॅप आणि बारीक बिट एकाच फेरीत हवे असतील तर मस्जिद बंदरची नागदेवी स्ट्रीट गाठा. फास्ट लोकल मस्जिदला थांबत नाही. स्लो पकडा, नाहीतर सीएसएमटीला उतरून चालत मागे या. रविवारी जाऊ नका. एम २ चे स्क्रू मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांकडे मूठभर पडलेले असतात. अ‍ॅक्रिलिक रंग आणि ब्रशसाठी नौपाड्यात, राम मारुती रोडवर फिरलात तरी पुरे. रबरी टायरची १:६४ ची चाकं आणि डीकल पेपर मात्र ऑनलाइनच मागवावे लागतात.

सगळं एकदम घेऊ नका. पहिल्या गाडीसाठी टॅप आणि स्क्रू नसले तरी चालतं; बेस दोन थेंब गोंदावर बसतो. फक्त ती गाडी पुन्हा उघडता येणार नाही.

पायरी ४: गाडी उघडा

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आतले भाग कोणत्या क्रमाने बसले होते हे दोन आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही.

गाडी उलटी करा. बेसवर पुढे-मागे दोन गोल टिकल्या दिसतील. हे वेगळे रिव्हेट नसतात. बॉडीलाच ओतलेले खांब बेसच्या भोकातून बाहेर काढून त्यांची टोकं चेपलेली असतात. आपल्याला फक्त चेपलेलं टोक काढायचंय, खांब वाचवायचाय.

टिकलीच्या मधोमध सेंटर पंचने खूण करा. गाडी कापडात गुंडाळून वाइसमध्ये हलकेच धरा. जोरात आवळली तर छताचे पातळ खांब वाकतात. आधी १.६ चा बिट सरळ खाली, पाच-सहा मिलिमीटर. बिटवर तेवढ्या उंचीला टेपचा तुकडा गुंडाळून ठेवा आणि टेप टेकला की थांबा. न थांबणाऱ्यांच्या बिटचं टोक बॉनेटमधून वर येतं, आणि मग पुट्टी भरत बसावं लागतं. नंतर ४ मिलिमीटरचा बिट, सावकाश. टोकाची कडी सुटून बिटभोवती फिरायला लागली की काम झालं. बेस ओढून काढा.

आतून इंटिरियर, काचांचा एकसंध तुकडा आणि चाकं निघतील. प्रत्येकाची वेगळी पिशवी, पिशवीवर नाव. ड्रिल मोठ्याने चालवावं, पिशव्या धाकट्याने भराव्यात.

टॅप आत्ताच मारून घ्या, रंगानंतर नाही. भोकात तेलाचा थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घाई केली की टॅप आत तुटतो आणि तो काही केल्या निघत नाही.

पायरी ५: रंग उतरवा

हे काम मोठ्या माणसाचं. लहान मुलाने त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावं, गॅलरीच्या दारातही नाही. बाजारातल्या कडक पेंट रिमूव्हरने त्वचा भाजते, वाफही वाईट, आणि पातळ डिस्पोजेबल हातमोज्यांतून तो काही मिनिटांत आरपार येतो. म्हणून जाड हातमोजे, लांब चिमटा, उघडी हवा, आणि आसपास गॅस किंवा देवापुढचा दिवा नाही.

फक्त धातूची बॉडी बरणीत ठेवा, रिमूव्हर लावा, झाकण लावा. रंगाच्या सुरकुत्या पडून तो सुटतो. चिमट्याने काढा, भरपूर पाण्यात साबणाने टूथब्रश मारा. कोपऱ्यातला उरलेला रंग निघाला नाही तर पुन्हा एक फेरी. बरणीतला चिखल बेसिनमध्ये ओतू नका. रद्दीवर उघड्यावर पूर्ण सुकू द्या आणि घातक कचरा म्हणून वेगळा द्या.

आता खरा सापळा. कोणीतरी सांगेल की कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाका, स्वस्तात काम होतं. लोखंडाच्या ग्रिलला ते चालतं. या गाड्या झमॅक नावाच्या मिश्रधातूच्या असतात: मुख्यतः जस्त, त्यात सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम. कॉस्टिक दोन्ही धातूंना खातो आणि वर हायड्रोजन सुटतो. रंगाबरोबर दारांच्या रेषाही झिजतात.

प्लास्टिकच्या भागांना रिमूव्हरचा थेंबही लागू देऊ नका. बंपर किंवा रिमवरची चकचकीत क्रोम काढायची असेल तर साधं ब्लीच पुरतं. भाग त्यात बुडवून ठेवला की चकाकी निघून जाते.

पायरी ६: घासणं आणि प्रायमर

कंटाळवाणी पायरी, म्हणून सगळे ती टाळतात आणि शेवटी रंग बघून हळहळतात. ओतकामाच्या साच्याची रेघ छतावर आणि फेंडरवर असते. ती कानशीने, मग ४०० आणि ६०० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासून काढा. दाराच्या रेषा ब्लेडच्या पाठीने हलकेच खोल करा, नाहीतर रंगाखाली त्या बुजतात. खड्डा असेल तर एम-सील, वाळला की पुन्हा घासणं. शेवटी साबणाने धुवा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका. बोटाचं तेल राहिलं की रंग तिथूनच सुटतो.

प्रायमर पातळ. वर लाल, पिवळा किंवा पांढरा येणार असेल तर पांढरा प्रायमर घ्या. करड्यावर पिवळा कितीही मारा, मळकाच दिसतो.

पायरी ७: रंग

इथे थोडा वेळ काढा, कारण गाडी बनते किंवा बिघडते ती इथेच.

पहिली गोष्ट, थर. ०.१ मिलिमीटरचा थर खऱ्या गाडीच्या मापात ६.४ मिलिमीटर होतो. म्हणजे दरवाजावर जवळजवळ भिंतीचं प्लास्टर. म्हणून तीन-चार अगदी पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या हातात बॉडी ठिपक्या-ठिपक्यांची दिसली पाहिजे. पहिल्याच हातात ती झाकली गेली तर तुम्ही जास्त मारताय.

स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवा, मग कोमट पाण्याच्या बादलीत थोडा वेळ ठेवा. फवारा बारीक येतो. गॅसजवळ किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही. अंतर एक वीत. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा, गाडीवरून सरळ न्यायचा आणि बाहेरच सोडायचा. बॉडी आइस्क्रीमच्या काडीवर दुहेरी टेपने चिकटवा म्हणजे फिरवता येते.

दुसरी गोष्ट, हवा. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत लॅकरचा (थिनर उडून झटपट वाळणाऱ्या रंगाचा) स्प्रे मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि क्लिअरवर दुधाळ पांढरट साय येते. काळ्या गाडीवर तर लगेच दिसते. अशी साय आलीच तर लगेच घासू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा हलका फवारा मारला की बरेचदा जाते. पावसाळ्यात ड्रिल, घासणं, सीट्स रंगवणं ही कामं उरका आणि स्प्रे नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. त्या दिवसांत घोडबंदरच्या बाजूला बांधकामांची धूळ असते, म्हणून मोठं खोकं आडवं ठेवून त्याच्या आत फवारा आणि रंग झाल्यावर वर दुसरं खोकं झाका. खोक्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या चादरीही वाचतात. सोसायटीतली शांतता हाही या छंदाचा कच्चा माल आहे.

तिसरी, रंगांची जात. एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे प्रायमर, रंग, क्लिअर घ्या. अर्धवट वाळलेल्या इनॅमलवर (सावकाश वाळणाऱ्या रंगावर) लॅकर मारला की खालचा रंग आकसून सुरकुततो. वाळला की नाही ते बोटाने बघू नका, नाकाने बघा: बॉडी नाकाजवळ धरल्यावर रंगाचा वास येत असेल तर अजून वाळायचाय. इनॅमलला यात कित्येक दिवस जातात. गाडी दुसऱ्याच्या घरी पाठवण्यापूर्वी ही तपासणी कराच. ओल्या रंगाची गाडी डब्यात ठेवली की कापसाचे धागे कायमचे चिकटतात.

दोन रंगांच्या गाडीत फिका आधी. आमच्या टॅक्सीला आधी पूर्ण पिवळा, मग छत झाकून खाली काळा. टेपची रोलवरची कड वापरू नका, तिला धूळ लागलेली असते. काचेवर टेप चिकटवून ब्लेडने ताजी कड कापा. छतावर लावून नखाने दाबा. आणि एक युक्ती, जी मला फार आवडते: टेपच्या कडेवरून आधी पुन्हा पिवळाच हलका फवारा. कडेखाली जे काही पाझरायचं ते पिवळं पाझरतं, फट बंद होते, मग काळा मारा. रेघ सुरीने कापल्यासारखी येते.

टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर फार सुंदर चकाकतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना घातक. घरात, मुलांबरोबर, ते नको. साधा क्लिअर मारा आणि पूर्ण वाळल्यावर २००० च्या पेपरने पाण्यात घासून पॉलिश करा.

पायरी ८: बारकावे आणि नंबर प्लेट

इथून गाडी आमच्याकडे कोपरखैरण्याला जाते. लहान बोटं आणि तरुण डोळे या कामात जिंकतात.

पातळ काळा अ‍ॅक्रिलिक दारांच्या रेषांतून सोडा आणि ओल्या इअरबडने वरचा पुसून घ्या; रेषा उठून दिसतात. दिव्यांना चंदेरी, मागे लाल, ग्रिलला काळा. सीट्स नुसत्या काळ्या ठेवू नका. टॅक्सीच्या सीटला लालसर रेक्झिनचा रंग दिला की आतून जिवंत वाटते.

नंबर प्लेटवर मात्र रेंगाळा. खरी प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर, म्हणजे १:६४ मध्ये ७.८ बाय १.९. अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे एक मिलिमीटर. खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं, टॅक्सीला पिवळ्यावर काळी, खाजगी इलेक्ट्रिक गाडीला हिरव्यावर पांढरी. ठाण्याची एमएच ०४, वाशी आरटीओची एमएच ४३. यावर आमच्यात सर्वांत लांब भांडण झालं, आणि वहीत नंबर प्लेटपुढे भाच्याचं नाव होतं म्हणून गाडी एमएच ४३ झाली. खऱ्या गाडीचा चालू नंबर टाकू नका.

डीकल पेपर इंकजेटचा वेगळा, लेझरचा वेगळा. इंकजेटचा पेपर झेरॉक्सवाल्याच्या लेझर मशीनमध्ये घातलात तर तो आत वितळून चिकटू शकतो, आणि मशीनचे पैसे तुम्हीच भराल. इंकजेटची छपाई पाण्यात विरघळते, म्हणून आधी तिच्यावर क्लिअरचे दोन हलके हात. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. गडद बॉडीवर फिकं चित्र हवं असेल तर पांढरा डीकल पेपर घ्या. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग ब्रशने बॉडीवर सरकवा. खालचा पृष्ठभाग चकचकीत हवा. मॅटवर लावलं तर आत हवा अडकून चंदेरी चट्टे दिसतात.

पायरी ९: चाकं

चाकं बदलणार असाल तर ती रंगाच्या आधी एकदा बसवून बघा: कमानीला घासतात का, गाडी एका बाजूला कलते का. टॅक्सीसारख्या गाडीला साधारण नऊ-दहा मिलिमीटर व्यासाची चाकं शोभतात; त्याहून मोठी लावली की ती बैलगाडी दिसते. नवा अ‍ॅक्सल (चाकं जोडणारी दांडी) लांब असेल तर मधली नळी कापून जुळवा. गोंद नळीच्या बाहेरच्या बाजूला सुईच्या टोकाने लावा. आत गेला तर चाकं फिरणार नाहीत.

पायरी १०: जोडणी, आणि गाडी कोणाकडे

क्रम उलटा: काचा, इंटिरियर, चाकं, बेस. काचांना फेविक्विक चालत नाही. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा धुरकट थर बसतो आणि तो पुसून जात नाही. काचांना फेविकॉलचे ठिपके द्या. ओला असताना पांढरा दिसतो, वाळल्यावर पारदर्शक होतो.

स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरने, टेकला की पाव फेरा, बस. झमॅकचे आटे नाजूक असतात. आटे गेलेच तर भोकात अराल्डाइट भरा, चोवीस तास ठेवा आणि पुन्हा १.६ चं भोक पाडून टॅप मारा.

लोकलमधून नेताना गाडी टिश्यूत नाही, मऊ सुती फडक्यात गुंडाळून कडक डब्यात ठेवा. डबा हातात धरा, रॅकवर नको. संध्याकाळी ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत हे जमत नाही, म्हणून हा प्रवास रविवारी दुपारी करा. मऊ रबराचे टायर काही महिन्यांत प्लास्टिकच्या पारदर्शक डब्याला चिकटून डाग पाडतात, तेव्हा खाली कागदाची पट्टी घाला.

पूर्ण झालेली गाडी कोणाकडे राहणार हा प्रश्न येतोच. आमच्याकडे सहामाही पाळी आहे: दिवाळी ते मे ठाण्यात, जून ते दिवाळी कोपरखैरण्यात. पावसाळ्यात ती तिकडे असते त्याला कारण आहे. माझ्या गॅलरीच्या भिंतीला ओल येते. चुकांसाठी घेतलेली दुसरी गाडी भाच्याने स्वतःच्या खर्चाने पूर्ण केली. ती निळी आहे, चाकं बैलगाडीएवढी आहेत, आणि तिच्या वहीत माझं नाव कुठेच नाही.